फोर बाय फोर पिकअपची चेसी: काळी माती, पोटॅश आणि सातपुड्याचे घाट यांतून गेल्यावर

गाडी सव्वा टनाच्या आसपास क्षमतेची. सिंगल कॅबिन, डिझेल, फोर बाय फोर, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), व्हीलबेस तीन मीटरच्या जवळपास. काम खान्देशात अशा गाडीला असतं तेच: रावेर-यावल पट्ट्यात बागेतून केळीचे घड डांबरी रस्त्यापर्यंत काढायचे, उलट फेरीत खतं आणि ठिबकचं सामान, आणि मधूनच शहादा-धडगाव बाजूला घाट चढून सिमेंट, पत्रे, पाइप पोहोचवायचे. एक अख्खा पावसाळा, केळीचा हंगाम आणि पंचेचाळीसच्या वर गेलेला मे महिना यांतून गाडी गेली, त्यानंतर हे लिहिलंय. इंजिन, ॲव्हरेज, क्लच यांवर भरपूर लिहून झालंय. इथे फक्त चेसी, म्हणजे इंजिन, कॅबिन आणि हौदा ज्यावर बसतात तो खालचा लोखंडी सांगाडा.

निकाल आधीच सांगतो. चेसीचे दोन्ही लांब चॅनल, म्हणजे पुढून मागे जाणारे दोन मुख्य दांडे, सरळ आहेत, कुठे वाकलेले नाहीत, चिरलेले नाहीत. जे बिघडलं ते सगळं सांध्यांवर. स्टेपनी टांगायच्या ब्रॅकेटच्या वेल्डला केसाएवढी चीर, मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरच्या (पाट्याचं टोक चेसीला धरणाऱ्या कंसाच्या) एका रिव्हेटभोवती लाल भुकटी, आणि हौदा जिथे चेसीवर टेकतो तिथे रंग जाऊन धरलेला गंज. हा योगायोग नाही. अशा गाड्यांची चेसी नुसत्या वजनाने क्वचितच मोडते. माल कुठे ठेवला, चेसीला काय जोडलं आणि आत काय साचू दिलं, हिशोब तिथे लागतो.

आधी बांधणी. या गाडीत कॅबिनखालचा भाग बंद पेटीचा आहे आणि हौद्याखालचा भाग उघडा सी चॅनल, म्हणजे इंग्रजी C सारखा एका बाजूने मोकळा. बऱ्याच पिकअपमध्ये असंच असतं आणि त्याला कारण आहे. एकाच जाडीच्या पत्र्याची बंद पेटी उघड्या सी चॅनलपेक्षा पिळाला शेकडो पटींनी ताठ असते. म्हणून कॅबिन आणि स्टिअरिंग नीट राहतं. मागचा सी चॅनल मुद्दाम थोडा पिळू दिलेला असतो. नाल्यात एक चाक खाली गेलं की तो पिळतो आणि बाकीची चाकं जमिनीला धरून राहतात. त्यामुळे डोंगरात मागून कुरकुर ऐकू आली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पेटी संपून सी चॅनल सुरू होतो, म्हणजे साधारण कॅबिनच्या पाठीमागची वीतभर जागा, तिथे मात्र ताठपणा एकदम बदलतो. दर सर्व्हिसिंगला टॉर्च घेऊन पाहायची पहिली जागा ती.

आता माल. चेसी दोन टेकूंवर ठेवलेल्या तुळईसारखी काम करते. दोन ॲक्सलच्या मध्ये वजन असेल तर मधला भाग खाली दबतो आणि चॅनलची खालची पट्टी ताणली जाते. वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे गेलं की उलट होतं: ॲक्सलच्या वरची वरची पट्टी ताणली जाते, आणि नेमका तिथेच हौद्याचे यू बोल्ट, भोकं आणि हँगर यांची गर्दी असते. आकड्यात सांगायचं तर व्हीलबेस तीन मीटर, माल 1200 किलो. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या 30 सेंटीमीटर पुढे असेल तर मागच्या ॲक्सलवर 1080 किलो येतात आणि पुढच्यावर 120. तोच मध्य 30 सेंटीमीटर मागे गेला तर मागच्या ॲक्सलवर 1320 किलो येतात आणि पुढची बाजू 120 किलोने उचलली जाते. काट्यावर वजन तेच दिसतं, पावतीही तीच. चेसीला मात्र दोन वेगळ्या गाड्या असल्याइतका फरक पडतो, शिवाय घाटात स्टिअरिंग हलकं लागतं ते वेगळं.

यात सगळ्यात वाईट माल म्हणजे सहा मीटरचे पाइप. फाळका (हौद्याचा मागचा दरवाजा) उघडून पाइप मागे सोडले की वजन शेवटच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे दोन चॅनल जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर बसतं, आणि प्रत्येक खड्ड्यात मागची टोकं वरखाली होऊन तो क्रॉस मेंबर उचकटतात. कॅबिनच्या वरपर्यंत येणारी घोडी बसवून पाइप पुढे तिरपे टाकले तर मध्य ॲक्सलच्या पुढे येतो. घोडी हौद्याच्या पुढच्या भिंतीला बोल्टने बसवायची. चेसीला वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणायचं.

केळीच्या घडांचं वेगळं. घड उभे लावत गेले की भरणारी माणसं फाळक्यापासून सुरुवात करत नाहीत, पुढून मागे भरत येतात, त्यामुळे मध्य आपोआप बरा बसतो. अर्धी गाडी एका बागेत आणि अर्धी दुसऱ्या बागेत भरायची असेल तेव्हाच घोळ होतो. घाईत दुसरी खेप मागच्या अर्ध्यात कोंबली जाते आणि पुढे हातभर जागा मोकळी राहते.

पाटा वाढवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. गाडी मागे बसायला लागली की पाटेवाल्याकडे जाऊन एक किंवा दोन पाटे वाढवायचे. गाडी उचलली जाते, मालक खूश. पण पाट्याने चेसीची ताकद वाढत नाही. आधी जो धक्का पाटा वाकून खायचा, तो आता हँगर आणि शॅकलमधून (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्यातून) थेट चॅनलमध्ये जातो. वेल्ड केलेल्या सांध्याचं आयुष्य ताणाच्या साधारण घनाच्या हिशोबाने घटतं. ताण सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्मं. वाढवायचाच असेल तर पूर्ण लांबीचा पाटा घालू नका. खाली आखूड हेल्पर (मदतीचा पाटा) घाला, म्हणजे रिकाम्या गाडीत तो कामाला येत नाही. पाटे खोलले की यू बोल्ट नवे घालायचे, जुने ताणलेले असतात. पाचशे किलोमीटरनंतर माल भरलेल्या गाडीवर, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने (कसण्याच्या जोराने), चौकडीत, म्हणजे समोरासमोरचे तिरके नट आळीपाळीने, पुन्हा कसायचे. यू बोल्ट सैल राहिला की आधी पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल मागेपुढे सरकतं आणि गाडी तिरकी चालायला लागते. लोक अलाइनमेंटवर पैसे घालवत बसतात.

बंप स्टॉपचं रबर पाहताय ना? पाट्याच्या वर, चॅनलच्या खाली असलेला तो काळा गोळा. मे महिन्याच्या उन्हात आणि ऑइलच्या शिंतोड्यांनी तो फुटतो, गळून पडतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तो नसेल तर ॲक्सल सरळ चॅनलच्या खालच्या पट्टीवर आपटतं. तिथे चकाकणारा आपटल्याचा डाग दिसला तर त्याच दिवशी रबर बसवा. या गाडीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचा भाग तोच निघाला.

आता गंज, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण खान्देशात चेसी गंजत नाही असा सर्रास समज आहे. हवा कोरडी, समुद्र लांब, उन्हाळा भाजून काढणारा. हे सगळं खरं. पण शेतमालाच्या गाडीखाली वेगळंच हवामान असतं. पोटॅश म्हणून जे खत येतं ते पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. 50 किलोची गोणी फाटली, हौद्याच्या सांध्यातून दाणे खाली गळले, ते चॅनलच्या आतल्या पट्टीवर आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांमध्ये बसले, की पावसाळी हवेत ते ओलावा ओढून घेतात. क्लोराइड रंगाखाली शिरून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. वरून रंग फुगलेला दिसतो, नखाने दाबला की खपली निघते आणि आत पत्रा खाल्लेला. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं सांडली तरी थोडंफार हेच. केळीच्या चिकाची भीती मात्र जास्त आणि नुकसान कमी. तो काळे डाग पाडतो, पण धुतला तर पत्र्याला फारसं काही होत नाही.

क्लोराइड काय करू शकतं याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेतलं. तिथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया गाड्यांच्या चेसी गंजून भोकं पडल्याच्या दाव्यांवर 2016 मध्ये तडजोड झाली. त्यात साधारण पंधरा लाख गाड्या येत होत्या आणि एकूण किंमत 3.4 अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. कंपनीने दोष मान्य केला नव्हता, पण तपासणी करून गरज असेल तिथे अख्खी चेसी बदलून द्यायचं ठरलं. आपल्याकडे कोणी रस्त्यावर मीठ टाकत नाही. आपण ते गोणीत भरून हौद्यात घालतो, एवढाच फरक.

काळी माती स्वतः गंजवत नाही, ती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, चिकटते, सुकली की विटेसारखी होते, पण आतला थर दिवसेंदिवस दमट राहतो. ती साचते ती ठरावीक ठिकाणी: डिझेल टाकीच्या पट्ट्यावर, मागच्या हँगरच्या खोबणीत, सी चॅनलच्या खालच्या पट्टीवर क्रॉस मेंबर जोडला आहे त्या कोपऱ्यात, आणि बंद पेटीच्या आत. पेटीला खालून दहा-बारा मिलिमीटरची पाणी निघायची भोकं असतात. ती बुजली की पेटी ही पाण्याची टाकी होते. आपल्या गाडीत ती सहा आहेत की आठ, हे एकदा खाली झोपून मोजून ठेवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला जाड तार घालून मोकळी करा. तारेसोबत लालसर पाणी आलं तर आतून गंज सुरू झालाय.

धुण्याची पद्धत. वॉशिंग सेंटरवाला रॅम्पवर गाडी घेतली की थेट जोराचा फवारा मारतो. सुकलेली काळी माती त्याने वरवर सुटते आणि निम्मी आणखी आत कोंबली जाते. आधी साध्या पाइपने भिजवून वीस-तीस मिनिटं तशीच ठेवायची, मग लाकडी रापीने मोठे थर काढायचे आणि शेवटी फवारा आतून बाहेर, तिरका मारायचा. बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या जोडावर रोखून मारू नये. खत वाहिलं असेल तर आधी हौदा कोरडा झाडून घ्यावा. दाणे झाडून काढले तर निघून जातात, पाण्याने विरघळवले तर फटीत शिरतात. मग भरपूर पाणी. धुतल्यावर गाडी उतारावर नाक वर करून अर्धा तास उभी केली की पेटीतलं पाणी मागे येऊन निथळतं.

लेपाबद्दल. जळकं ऑइल चेसीवर फवारायची पद्धत जुनी आहे आणि काही न करण्यापेक्षा ती बरी, पण ते ऑइल शॅकलचे रबर बुश फुगवतं, धूळ धरतं, आणि त्याच्या काळ्या थराखाली चीर दिसत नाही. शेवटची अडचण सगळ्यात मोठी. रबरी अंडरकोटिंग नव्या, स्वच्छ पत्र्यावर छान. जुन्या गंजावर मारलं तर आत ओलावा कोंडून गंज आणखी वाढतो. इथे उपयोगी पडलं ते असं: हौद्याच्या टेकूंजवळचा गंज वायर ब्रशने चमक येईपर्यंत घासला, फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक लावून डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळू दिलं, त्यावर झिंक प्रायमरचे दोन हात आणि वर चेसी ब्लॅक. बंद पेटीच्या आत लांब नळीचा मेणाचा कॅव्हिटी स्प्रे (पोकळीत मारायचा फवारा), तोही मे महिन्यात, कारण तेव्हा पत्रा आतपर्यंत कोरडा असतो आणि उष्णतेने मेण सांध्यात झिरपतं. पावसाळ्यानंतर भोकातून पाहिलं तर मेण जागेवर होतं. बाहेरचा चेसी ब्लॅक मात्र चाकांमागे खडी लागून उडाला. तिथे दरवर्षी हात फिरवावा लागणार.

नाले आणि चाऱ्यांबद्दल थोडं. रिकामी गाडी नाल्यात तिरकी उतरवली तर बंपर घासत नाही, म्हणून ती सवय लागते. भरलेल्या गाडीत तेच केलं की तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली जातात आणि पूर्ण वजनानिशी चेसी पिळते. माल असताना काठ फावड्याने उतरता करून सरळ जावं, लो रेंज (फोर बाय फोरचा जास्त जोराचा, कमी वेगाचा गियर) लावून पहिल्या गियरमध्ये, क्लचवरून पाय काढून. आणि वाफसा नसताना (माती अजून जास्त ओली असताना) बागेत भरलेली गाडी घालायचीच नाही; घड रस्त्यावर आणायला ट्रॅक्टर आहेच.

गाडी रुतली की ट्रॅक्टर ओढतो, आणि ओढताना साखळी कुठे अडकवली यावर बरंच काही ठरतं. बंपर, पाट्याचं शॅकल, आडवा क्रॉस मेंबर, यांतलं काहीही चालत नाही. दोन्ही चॅनलच्या टोकांना असलेल्या ओढण्याच्या हुकांत पट्टा घालून त्याचा त्रिकोण करायचा आणि मधून ओढायचं, म्हणजे दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो. एकाच हुकाने तिरकं ओढलं तर दोन चॅनल एकमेकांच्या पुढेमागे सरकतात, कर्ण (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी अंतरं) बदलतात. ढिली साखळी ठेवून हिसका देणं तर पूर्ण बंद. आधी चाकांपुढची माती काढा, टायरची हवा कमी करा, मग ताण हळूहळू द्या.

चेसी सरळ आहे का हे घरच्या घरी पाहता येतं. सिमेंटच्या सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा. दोन्ही चॅनलवरची सारखी चार भोकं निवडा, दोन पुढची, दोन मागची. प्रत्येकातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा, गाडी हलवा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेला तर शंका घ्यावी. त्याहून सोपी खूण म्हणजे कॅबिन आणि हौदा यांच्यातली फट. वर आणि खाली, दोन्ही बाजूंना मोजून आरसीच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा. पुढे कधी वरची फट वाढलेली दिसली तर मागचा भाग खाली झुकलाय, म्हणजे ॲक्सलमागे जास्त माल गेला. वरची फट कमी झाली तर मधला भाग दबलाय. डावी-उजवी वेगळी निघाली तर पीळ बसलाय.

चीर शोधायला ती जागा वायर ब्रशने साफ करून रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि खडूची पूड फासा. गाडीला दोन-चार झोके दिले की चिरेतलं तेल वर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. स्टेपनी ब्रॅकेटची चीर अशीच सापडली. त्याआधी रंगावर फक्त एक बारीक तपकिरी ओघळ होता. कोरड्या गाडीवर असा ओघळ म्हणजे आतले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताहेत. रिव्हेटभोवतीची लाल भुकटीही तेच सांगते. सैल रिव्हेटचं डोकं वेल्ड करून टाकणं हा गॅरेजमधला झटपट इलाज, आणि तिथूनच पुढची चीर सुरू होते. रिव्हेट ग्राइंड करून काढायचा, भोक रीमरने गोल करायचं आणि त्यात अजिबात हलणार नाही असा 10.9 ग्रेडचा (जास्त ताकदीचा) बोल्ट, कडक वॉशर आणि लॉक नट घालायचा.

चीर चॅनलमध्येच असेल तर काम वाढतं, आणि इथे कारागीर पारखूनच घ्यावा. बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) जोड सोडायचा, डिझेल टाकी आणि जवळचे ब्रेक पाइप बाजूला करायचे. अर्थ क्लॅम्प कामाच्या वीतभर अंतरावर लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो. चिरेचं टोक जिथे दिसतं त्याच्या थोडं पुढे पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चीर व्ही आकारात खोलून 7018 चा कोरडा वेल्डिंग रॉड वापरायचा. नेहमीचा 6013 पत्र्याच्या कामाला ठीक, इथे नको. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर रॉड दमट होतो आणि वेल्ड आतून ठिसूळ बनतं. वेल्ड घासून सपाट केल्यावर वरून पट्टी लावायची ती चौकोनी नाही, दोन्ही टोकांना निमुळती, आणि तिची वेल्ड चॅनलच्या लांबीच्या दिशेने. वरच्या-खालच्या पट्टीवर आडवी वेल्ड म्हणजे पुढच्या तुटण्याची जागा आखून देणं. नवं भोक पाडायचं तर चॅनलच्या उभ्या भागाच्या मध्यावर, तिथे वाकण्याचा ताण जवळपास शून्य असतो. गॅस कटरने तापवून चेसी सरळ करून देतो म्हणणाऱ्या ठिकाणी गाडी थांबवूही नये. तापलेला भाग मऊ पडतो आणि पहिल्याच हंगामात पुन्हा तिथेच वाकतो. चेसी नंबर कोरला आहे त्याच्या आसपास वेल्ड किंवा ग्राइंडर अजिबात नको, पासिंगला तिथेच अडवतात. ट्रान्सपोर्ट गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी असतं, म्हणजे हा प्रश्न टाळता येणारा नाही.

स्टेपनी ब्रॅकेटचं काय केलं तेही सांगतो. मूळ ब्रॅकेट पातळ पत्र्याचं, तीन बाजूंनी वेल्ड केलेलं, आणि चाकाचं वजन एका साखळीवर. मोकळ्या साखळीत चाक झोके खातं, ब्रॅकेट दर खड्ड्यात उचकतं. जुनी वेल्ड पूर्ण घासून काढून ब्रॅकेट चॅनलच्या उभ्या भागाला चार बोल्टने बसवलं आणि चाकाच्या वर रबराची जाड पट्टी लावली, म्हणजे साखळी ताणली की चाक घट्ट दाबून राहतं. घाटातला मागचा खडखडाट त्याने बंद झाला. पाटा तुटला की काय असं वाटायला लावणारा आवाज निम्म्याहून अधिक स्टेपनीचाच होता.